पार्कर ‘५१’ : जुन्या फौंटनपेनाचें वय कसें ओळखावें

गतवर्षीं आमच्या शाळेंत जुन्या वस्तूंचें एक लहानसें प्रदर्शन भरलें होतें. तांब्यापितळेचीं भांडीं, मोडी लिपींतील खातेवह्या, अडकित्ते, कंदील यांच्या ओळींत नववीच्या एका विद्यार्थ्यानें आणलेलें काळें फौंटनपेन ठेवलें होतें. शेजारीं त्यानें स्वहस्तें चिठ्ठी लिहिली होती : ‘पार्कर ५१. पणजोबांचें पेन. सन १९४१.’ प्रदर्शन पाहण्यास आलेल्या एका संग्राहक गृहस्थांनीं तें कांचेंतूनच न्याहाळलें आणि विद्यार्थ्याच्या वडिलांस सांगितलें कीं, हें पेन खरोखरीच १९४१ सालचें असेल, तर आपण त्याची चांगली किंमत देऊं. मात्र शाळेंतील कोणा जाणत्यानें तसें लिहून द्यावें. त्या घरीं तेव्हां थोरल्या मुलीच्या कॉलेजच्या फीची विवंचना होती. तो कागद लिहिण्याचें काम आमच्याकडे आलें.

लिहावयाची होती एकच ओळ. पण ती खरी असावयास हवी होती. जुन्या वस्तूचें वय आपण बहुधा दोन गोष्टींवरून ठरवितों : घरांत चालत आलेली आठवण आणि वस्तूचें एकंदर रूप. या दोन्ही गोष्टी उपयोगाच्या आहेत, परंतु पुरेशा नाहींत. सुदैवानें ‘पार्कर ५१’ हें पेन असें आहे कीं, त्याच्या अंगावरील खुणांवरून त्याचें वय बऱ्याच निश्चितपणें सांगतां येतें. त्या खुणा कोणत्या, त्या कशा वाचाव्या आणि त्यांपैकीं कोणीवर किती भिस्त ठेवावी, हें आमच्या वाचकांस समजावून सांगावें, म्हणून हा लेख लिहीत आहों.

प्रथम या पेनाची थोडी पूर्वपीठिका. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत जेन्सव्हिल नांवाचें गांव आहे. तेथें जॉर्ज पार्कर यांनीं १८८८ सालीं आपली पेनांची कंपनी स्थापन केली. १९३९ सालीं, म्हणजे कंपनीच्या एक्कावन्नाव्या वर्षीं, एका नव्या पेनाची जुळणी सिद्ध झाली, म्हणून त्यास ‘५१’ हेंच नांव मिळालें. बाजारांत तें रीतसर आलें १९४१ सालीं. त्या काळच्या इतर पेनांची निब उघडी असे व तिच्यावरची शाई लवकर सुकून जाई. या नव्या पेनांत सोन्याची नळीसारखी लहान निब एका आवरणाखालीं झांकलेली होती. केवळ तिचें टोंक बाहेर दिसे. आंत, निबेच्या पाठीमागें, बारीक पापुद्र्यांचा एक भाग बसविलेला होता. जादा शाई त्या पापुद्र्यांत सांठून राही, व त्यामुळें ती कागदावर गळत नसे. या पेनाबरोबरच चटकन वाळणारी शाईहि काढण्यांत आली होती. ती शाई तेव्हांच्या नेहमींच्या पेनांस अपायकारक ठरे. म्हणून ‘५१’ ची दांडी ल्यूसाइट नांवाच्या टिकाऊ कृत्रिम द्रव्याची करण्यांत आली. टोपण फिरवून बसवावयाचें नसून दाबून बसवावयाचें. दांडीवरील धातूचें कडें तें धरून ठेवी.

असें हें पेन १९४१ पासून सुमारें १९७२ पर्यंत, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ निघत राहिलें. इतक्या वर्षांत त्याचें बाह्य रूप फारसें पालटलें नाहीं, आणि घोंटाळा होतो तो त्यामुळेंच. १९४४ सालचें व १९६४ सालचें अशीं दोन काळीं पेनें शेजारीं शेजारीं ठेवलीं, तर नवशिक्यास तीं एकाच दिवशीं घेतलेलीं वाटतील. पुढें २००२ सालीं कंपनीनें याच नांवाची एक विशेष आवृत्ति काढली. आणि २०२० नंतर ‘५१’ याच नांवाचें एक नवें पेनहि बाजारांत आलें. त्या नव्या पेनाचें टोपण मात्र आटे फिरवून बसवावें लागतें. टोपणास आटे दिसले कीं तें पेन जुनें नव्हे, एवढें तर कोणासहि सांगतां येईल.

आतां मुख्य खुणांकडे वळूं. पहिली व सर्वांत भरंवशाची खूण म्हणजे शाई भरण्याची रचना. ती तीन प्रकारची आढळते.

पहिला प्रकार ‘व्हॅक्युमॅटिक’ या नांवाचा. तो १९४१ पासून १९४८ पर्यंत चालला. यांत दांडीच्या अगदीं मागच्या टोंकास एक आखूड टोपण असतें. तें फिरवून काढलें कीं एक लहान दट्ट्या दिसतो. दांडीच्या आंत रबराचा पडदा असतो. दट्ट्या दाबला कीं तो पडदा ताणला जातो व आंतील हवा बाहेर निघते, आणि दट्ट्या सोडला कीं त्या जागीं शाई वर ओढली जाते. असें अनेक वेळां केल्यावर पेन भरतें. शाई प्रत्यक्ष दांडींतच रहात असल्यामुळें ती पुष्कळ मावे. परंतु रबरी पडदा कालांतरानें कुजे, आणि तो बदलणें कुशल कारागिराचें काम असे. या प्रकारांतहि एक पोटभेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. पहिल्या वर्षाच्या पेनांतील दट्ट्या अल्युमिनियमचा होता. महायुद्धामुळें अल्युमिनियमची टंचाई झाल्यावर १९४२ पासून तो प्लास्टिकचा होऊं लागला. युद्धाची झळ अशी एका बोटभर दट्ट्यावरहि उमटलेली आहे.

दुसरा प्रकार ‘रेड बँड’ म्हणून ओळखला जातो. मागचें आखूड टोपण काढल्यावर आंत लाल रंगाचा वेढा दिसतो, म्हणून हें नांव. यांत दट्ट्याऐवजीं दाबावयाचें बटण होतें. हा प्रयोग १९४६-४७ या अल्प काळांतच आटोपला. तो यशस्वी झाला नाहीं. म्हणून अशीं पेनें आज क्वचितच दृष्टीस पडतात.

तिसरा प्रकार ‘एरोमेट्रिक’. हा १९४८ सालीं सुरू झाला आणि शेवटपर्यंत टिकला. यांत मागच्या टोंकास वेगळें टोपण नसतें. निबेवरचें आवरण एका हातांत धरून अख्खी दांडी फिरविली कीं ती सुटून येते, व आंत धातूची एक नळी दिसते. त्या नळीस एक पट्टी बसविलेली असते व शाई भरण्याच्या सूचना नळीवरच कोरलेल्या असतात. पट्टी दाबली कीं आंतली पारदर्शक पिशवी चेपते, आणि सोडली कीं शाई खेंचून घेते. ही पिशवी रबराची नसून एका टिकाऊ प्लास्टिकची आहे. ती इतकी चांगली निपजली कीं, सत्तर वर्षांपूर्वींचीं अनेक पेनें नुसतीं पाण्यानें धुऊन घेतलीं तरी आज लिहूं लागतात.

दुसरी खूण म्हणजे दांडीवरची सालखूण. अमेरिकेंत घडलेल्या पेनांच्या दांडीवर, धातूच्या कड्याजवळ किंवा दांडीच्या मागच्या भागावर, बारीक अक्षरांत कंपनीचें नांव व देशाचें नांव छापलेलें असतें. त्याच्या लगत एक इंग्रजी आंकडा व त्याच्या आजूबाजूस ठिपके असतात. आंकडा हा सालाचा शेवटचा अंक होय. ठिपक्यांवरून तिमाही समजते. पण येथें गंमत अशी कीं, ठिपके वाढत जात नाहींत, तर कमी होत जातात. तीन ठिपके म्हणजे पहिली तिमाही, दोन म्हणजे दुसरी, एक म्हणजे तिसरी, आणि एकहि ठिपका नसेल तर चौथी. याचें कारण व्यवहारी आहे. वर्षारंभीं तीन ठिपक्यांचा एक छापा करावयाचा व दर तिमाहीस त्यांतील एकेक ठिपका घांसून टाकावयाचा. म्हणजे वर्षभर तोच छापा पुरतो. उदाहरणार्थ, आंकडा ‘६’ व एक ठिपका असेल, तर ती दांडी १९४६ सालच्या तिसऱ्या तिमाहींत, म्हणजे जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान झाली असें समजावें.

परंतु या खुणेंत एक फसगत आहे, आणि ती विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावी. छापा सालाचा एकच अंक सांगतो. दशक सांगत नाहीं. सालखूण घालण्याची ही रीत १९५० नंतरहि कांहीं वर्षें चालू होती. तेव्हां ‘४’ किंवा ‘७’ या आंकड्यांबद्दल शंका सहसा उरत नाहीं. पण ‘१’ हा आंकडा १९४१ चा कीं १९५१ चा, आणि ‘२’ हा १९४२ चा कीं १९५२ चा? हें त्या आंकड्याकडे कितीहि वेळ टक लावून पाहिलें तरी उमगणार नाहीं. उत्तर पहिल्या खुणेकडून मिळवावें लागतें. आंत व्हॅक्युमॅटिक दट्ट्या असेल तर साल १९४१. एरोमेट्रिक पट्टी असेल तर १९५१, कारण १९४१ सालीं ती पट्टी अस्तित्वांतच नव्हती. एका खुणेचें अपुरें वाक्य दुसरी खूण पुरें करते, तें असें.

शिवाय हें पेन केवळ अमेरिकेंतच होत होतें असें नाहीं. इंग्लंडांत ससेक्स परगण्यांतील न्यूहेवन येथील कारखान्यांतहि ‘५१’ निघे, व कॅनडांतहि निघे. इंग्लंडांतील पेनांवर वर सांगितलेली सालखूण बहुधा आढळत नाहीं. अशा पेनाचें वय इतर अंगांवरूनच अदमासानें सांगावें लागतें, आणि तेथें एकच साल ठामपणें सांगणाऱ्यापासून सावध राहावें.

तिसरी खूण टोपण व मणी यांची. टोपणावरील बाणाच्या आकाराची क्लिप ही पार्करची जुनी ओळख. अमेरिकेंतील आरंभींच्या टोपणांच्या क्लिपवर पुष्कळदां निळ्या मिन्याचा एक लहान चौकोनी हिरा असे. हा हिरा म्हणजे पेनाच्या आजन्म हमीचें चिन्ह होतें. १९४७ च्या सुमारास तो काढून टाकण्यांत आला. टोपणाच्या शेंड्यास एक मणी असतो. आरंभींच्या कित्येक पेनांस तसाच मणी दांडीच्या दुसऱ्या टोंकासहि असे. १९४७ पासून हा दुसरा मणी दिसत नाहीं. अगदीं अखेरच्या, म्हणजे १९७० च्या आसपासच्या पेनांत टोपणाचा शेंडा निराळ्या घाटाचा, निमुळता झालेला आढळतो. १९५० सालीं ‘५१ स्पेशल’ नांवाचा एक स्वस्त प्रकारहि निघाला. त्याची निब सोन्याची नसून आठ धातूंच्या ‘ऑक्टेनियम’ नांवाच्या मिश्रणाची होती.

रंगावरूनहि कांहीं अनुमान निघतें. ‘सीडर ब्ल्यू’ हा निळा व ‘कॉर्डोव्हन ब्राऊन’ हा तपकिरी हे व्हॅक्युमॅटिक काळांतले रंग. ‘टील’ नांवाचा हिरवट निळा व ‘प्लम’ हा जांभळट रंग एरोमेट्रिक काळांतले. काळ्या रंगास मात्र या बाबतींत कांहीं किंमत नाहीं. तो पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत होता.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पेन ही एक वस्तु दिसली, तरी वयाचा विचार करतांना ती चार-पांच वस्तूंची जुळणी आहे असें मानावें. टोपण हरवतें, निब वांकते, दांडीस चीर पडते; दुरुस्ती करणारा दुसऱ्या पेनाचा भाग आणून बसवितो. ‘५१’ चीं टोपणें तर बहुतेक एकमेकांस बसतात, म्हणून त्यांची अदलाबदल फारच सोपी. यास्तव प्रत्येक भागाचें वय स्वतंत्रपणें काढावें. सर्व भागांचीं सालें जुळलीं, तर पेन मूळ रूपांत असल्याचा संभव मोठा. न जुळलीं, तर सर्वांत जुन्या भागाचें वय साऱ्या पेनास देऊं नये. त्यांतील सर्वांत नवा भाग ज्या सालीं झाला, त्यापूर्वीं ही जुळणी होऊंच शकत नाहीं. आणि सालखूण सांगते तें दांडी घडल्याचें साल. तें पेन दुकानांत किंवा खिशांत कधीं गेलें, हें ती सांगत नाहीं.

ही सर्व तपासणी हळुवार हातानें करावी. सुटत नसलेला भाग जोर लावून फिरवूं नये, ल्यूसाइट तडकतो. स्पिरिटनें पुसूं नये; त्यानें त्यावर बारीक चिरा पडतात. साधें गार पाणी, मऊ कापड व एक भिंग, एवढी सामुग्री पुरते.

आतां त्या विद्यार्थ्याच्या पेनाकडे परत येऊं. आम्हीं तें त्याच्या व त्याच्या वडिलांच्या समक्ष उजेडांत धरलें. दांडीवरचीं अक्षरें झिजलीं होतीं, तरी भिंगाखालीं देशाचें नांव लागलें : अमेरिका. पुढें आंकडा ‘१’, आणि दोन ठिपके. विद्यार्थ्याचा चेहरा उजळला. ‘‘पाहा सर, एकच आहे. पणजोबा एकेचाळीस सालींच मॅट्रिक झाले,’’ तो म्हणाला. घरांतली आठवण अशी जुळली होती तर! पणजोबांचें मॅट्रिकचें साल आणि पेनावरचा आंकडा, या दोहोंची कोणीं तरी सांगड घातली होती व पुढें तीच कुळकथा होऊन बसली होती.

आम्हीं दांडी फिरविली. ती सहज सुटून आली. आंत धातूची नळी होती व तिच्यावर दाबावयाची पट्टी. मागच्या टोंकास आखूड टोपण नव्हतें, मणीहि नव्हता. टोपणावरच्या क्लिपवर हिरा नव्हता. साऱ्या खुणा एकमेकींशीं जुळत होत्या, आणि त्या सर्व एकच गोष्ट सांगत होत्या : १९५१ सालची दुसरी तिमाही.

वडील क्षणभर कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, ‘‘आपण कागदावर नुसतें ‘आंकडा एक आहे’ एवढेंच लिहिलें, तर तें खोटें होणार नाहीं ना?’’ हा प्रश्न त्यांनीं लबाडीनें केला नव्हता; अडचणीनें केला होता. तरीहि आम्हांस सांगावें लागलें कीं, अर्धी खूण दाखवून पुरी खूण झांकणें हें वाचणाऱ्यास चुकीच्या सालाकडे हात धरून नेण्यासारखेंच आहे. त्यांनीं मान हलविली. कागदावर आम्हीं लिहिलें : ‘दांडीवर १ हा आंकडा व दोन ठिपके आहेत. शाई भरण्याची रचना एरोमेट्रिक असल्यानें हें साल १९५१ होय. सर्व भाग त्याच काळचे दिसतात.’ गृहस्थांस तो कागद दाखविला. त्यांनीं आभार मानले व आपल्या संग्रहास पहिल्या वर्षाचेंच पेन हवें असल्याचें सांगून निरोप घेतला. फीची रक्कम पुढें नातलगांनीं मिळून उभी केली.

दोन दिवसांनीं तो विद्यार्थी पुन्हां आला. त्याच्या आजोबांची थोरली बहीण त्यांच्याच घरीं असते. तिचा जन्म १९४४ सालचा. सर्व हकीकत ऐकून ती म्हणाली होती, ‘‘मी बिगरींत होतें तेव्हां अण्णा दौतींत टांक बुडवूनच लिहीत. हें पेन आलें तें मी दुसरी-तिसरींत असतांना. मला हात लावूं देत नसत.’’ मग इतकीं वर्षें तूं हें सांगितलें कां नाहींस, असें मुलानें विचारलें. तिचें उत्तर एवढेंच होतें : ‘‘मला कोणीं विचारलेंच नाहीं.’’

म्हणजे खरी आठवण घरांत होतीच. ती आणि पेनाच्या खुणा एकमेकींस दुजोरा देत होत्या; मध्यें उभी होती ती एका आंकड्यावर घाईनें रचलेली तिसरीच गोष्ट. म्हणून आमच्या वाचकांस आमचें सांगणें असें कीं, घरांतील जुनी वस्तु हातीं आली तर तिचे सर्व भाग सोडवून पाहावे, प्रत्येक खुणेस दुसऱ्या खुणेची साक्ष विचारावी, आणि घरांत कोणी वृद्ध माणूस असेल तर त्यासहि विचारावें. तेंहि आपलें अनुमान सांगण्यापूर्वीं.

प्रदर्शनांतील चिठ्ठी त्या विद्यार्थ्यानें स्वतः बदलली. तिच्यावर आतां ‘सन १९५१’ असें आहे. पेन धुऊन, शाई भरून त्यानें यंदाची सहामाही परीक्षा त्यानेंच लिहिली. तें गळलें नाहीं.